लाकडाचं कौतुक

आमच्या शेडमध्ये कुणीही पाहुणा आला की त्याला आधी लाकूड हुंगावं लागतं. फर्गस, म्हणजे माझा नवरा, ह्युऑन पाइनच्या एखाद्या तुकड्यावर रंधा मारतो, त्यातून निघालेली लांब कुरळी ढलपी पाहुण्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "घे, वास घे. हे झाड उगवलं तेव्हा या बेटावर चर्च नव्हतं, तुरुंग नव्हता आणि कर भरायचं ऑफिसही नव्हतं." पाहुणा डोळे मिटून 'अहाहा' करतो. मग भिंतीशी उभ्या केलेल्या फळ्यांवरून हात फिरवत हिंडतो आणि खिडकीपाशी मी बसलेली दिसले की म्हणतो, "अरे वा, तू पण याला मदत करतेस का?"

मी मदत करत नाही. मी पिकअप बनवते.

फर्गस बनवतो त्या इलेक्ट्रिक गिटारला पोट नसतं. ती असते भरीव फळी. नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जात नाही. तिच्या तारांखाली चुंबकं बसवलेली असतात आणि चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे घेऊन गुंडाळलेली असते; हाच पिकअप. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज जागी होते आणि तीच पुढे आवाज होऊन बाहेर पडते. हे वेढे कुठे सैल, कुठे घट्ट, कुठे जरा तिरपे घालायचे ते माझ्या बोटांना कळतं. माझ्याकडे माझ्या आईच्या शिवणयंत्राची मोटर आहे. ती फिरते आणि मी भिंगातून बघत तार सोडते. आता एवढं सगळं फर्गसला सांगितलं की तो काय म्हणतो? "पण नेरिडा, मुळात थरथरतं कोण? लाकूडच ना?" आमच्या लग्नाइतकंच जुनं भांडण आहे हे.

आमच्या सिग्नेट गावात कुणालाही विचारा, फर्गस ब्रॅमिचची गिटार म्हणजे काय चीज आहे ते सांगतील. पार सिडनीहून माणसं येतात. मासिकात फोटो येतात, त्यात फर्गस असतो, फळी असते आणि फळीच्या रेषांचं दोन-दोन पानं वर्णन असतं. एका फोटोत माझं कोपर आलं होतं.

मला लाकडाचा मत्सर वाटतो. हसा हवं तर. बायका नवऱ्याच्या मैत्रिणींवर जळतात, मी फळ्यांवर जळत आले. त्यातही एक फळी तर माझ्या डोक्यातच गेलेली होती. ह्युऑन पाइन तोडायला आता बंदी आहे. नदीत, तळ्यात बुडून राहिलेले जुने ओंडके वर काढले जातात, तेवढंच लाकूड मिळतं. अशाच एका ओंडक्याची फळी फर्गसनं आणली तेव्हा आमचं नवीन लग्न झालं होतं. लोण्यासारखी पिवळी, अंगभर गाठींचे बारीक डोळे डोळे. घरातली सगळ्यात कोरडी जागा आमच्या पलंगाखाली आहे, असं म्हणून त्यानं ती तिथे सरकवली. तेव्हापासून मी त्या फळीच्या उरावर झोपत आले, का ती माझ्या, देव जाणे. एकदा मी न्यूमोनियानं फणफणले होते. डॉक्टरीणबाईंनी खोलीत वाफ करायला सांगितली, तर हा म्हणाला, "वाफ? तू जरा स्वयंपाकघरात झोपतेस का?"

तर त्या फळीला मुहूर्त लागला अँब्रोजमुळे.

अँब्रोज म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा वादक. सत्तरी उलटली आहे, पण अजून हॉबार्टच्या पबमध्ये तो वाजवायला बसला की लोक ग्लास खाली ठेवून ऐकतात. शरद ऋतूत एका सकाळी तो शेडमध्ये आला, टोपी काढली आणि म्हणाला, "फर्गस, माझी शेवटची गिटार तू कर. हातात आहे नाही ते सगळं चांगलं घाल." फर्गस उठला. तडक घरात गेला आणि पलंगाखाली शिरला. त्याचे पाय बाहेर राहिले होते. नवरा इतका आनंदात मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

त्या दिवशी जेवताना तो बटाटे चिवडत बसला होता. मी ओळखलं, काहीतरी आहे.

"नेरिडा, अँब्रोज एक म्हणत होता."

"काय?"

"पिकअप सास्कियाचे बसव म्हणाला."

"कोण सास्किया?"

मला चांगली ठाऊक होती ती कोण ते. लॉन्सेस्टनची. गेल्या वर्षी वाद्यांच्या जत्रेत तिनं पिकअपचं टेबल मांडलं होतं आणि अँब्रोज त्या टेबलापाशी दुपारभर उभा होता. माझ्या टेबलाशी आला तो 'लघवीला कुठे जायचं' हे विचारायला.

"ती गं, लॉन्सेस्टनची. तरुण आहे, पण हात चांगला आहे तिचा."

"तू तिचा हात कधी पाहिलास?"

"म्हणजे काम, काम चांगलं आहे. गोड वाजतात म्हणे तिचे पिकअप."

"आणि माझे कडू?"

"मी असं म्हटलं का? गिटार त्याची आहे, नेरिडा. मी काय करू?"

"काही करू नकोस. बटाटा खा."

पुढे आठवडाभर मी त्याच्याशी गरजेपुरतंच बोलले. या माणसाच्या एकूण एक गिटारीत माझे पिकअप आहेत. आणि आता, ज्या गिटारीसाठी मी माझी आख्खी झोप त्या फळीवर काढली, तिच्यात एक परकी बाई येऊन बसणार!

आणि ती खरोखरच आली. पिवळ्या व्हॅनमधून, लेदरवुडच्या फुलांच्या मधाची बरणी घेऊन. पस्तिशीची, आखूड केसांची, हसरी. मी तिच्यात खोट शोधत होते आणि ती सापडू देत नव्हती, हा वर आणखी त्रास. आल्या आल्या फर्गसकडे न जाता ती माझ्याच खिडकीपाशी आली.

"तू नेरिडा! तुझ्यामुळेच मी या कामात पडले, माहितीये? तुझा एक जळका पिकअप मला जुन्या बाजारात मिळाला होता. तो मी उलगडला. सगळा, वेढा न् वेढा. तीन हिवाळी रविवार गेले माझे!"

ती हे कौतुकानं सांगत होती, पण मला असं झालं की कुणीतरी माझ्या कपाटातले कप्पे उघडून आतले कपडे मोजून गेलं आहे. मी म्हटलं, "उलगडलास तो उलगडलास, परत गुंडाळायचा तरी."

ती हसली. माझ्या मोटरकडे वाकून बघायला लागली. "अरेच्चा, तू डावखुरी आहेस! म्हणजे ही मोटर उलटी फिरते?"

"फिरते."

"मग तर तुझे सगळेच—"

तेवढ्यात फर्गसनं हाक मारली. "सास्किया, इकडे ये, तुला एक दाखवतो." त्याच्या हातात ढलपी होती. नेहमीची नव्हे, त्या फळीची. पलंगाखालच्या फळीला त्यानं त्याच सकाळी पहिल्यांदा रंधा लावला होता, आणि तिची पहिली ढलपी तो सास्कियाला देत होता. एवढी वर्षं वर झोपले मी, आणि वास कुणाला? तिनं ती नाकाशी धरली, डोळे मिटले. फर्गस तिच्या तोंडाकडे असा बघत होता, जसा माझ्या तोंडाकडे पूर्वी बघायचा. मी मधाची बरणी कपाटात सगळ्यात वर, हात पोचणार नाही अशी ठेवून दिली.

ती गेल्यावर मी फर्गसला गाठलं.

"हे बघ, त्या गिटारीत ती असेल तर मी घर सोडून जाईन."

"अगं, पिकअपसाठी?"

"हो, पिकअपसाठी."

तो घाबरला. भला माणूस आहे, भांडणाला फार भितो. दोन दिवस विचार करून त्यानं तोडगा काढला. गिटारीला दोन पिकअप असतात, एक मानेजवळ आणि एक खाली, तारा टेकतात त्या घोडीजवळ. एक खटका असतो. वर केला की मानेजवळचा वाजतो, खाली केला की घोडीजवळचा, आणि मधे ठेवला की दोन्ही मिळून. "मानेजवळचा तिचा, घोडीजवळचा तुझा," तो म्हणाला. "अँब्रोजला मी समजावतो."

"एका गिटारीत दोन सवती नांदवतोस?"

"सवती काय, नेरिडा! तांब्याची तार आहे ती."

"तुझं लाकूड मात्र लाकूड नसतं, आणि माझी तार नुसती तार!"

पण मी कबूल झाले. कबूल झाले कारण मला तिच्याशेजारी बसून तिला खाली बघायला लावायचं होतं. असा पिकअप करीन की अँब्रोज खटका वर न्यायचं विसरेल, असं मनाशी म्हटलं आणि बसले. तसा पिकअप मी आयुष्यात केला नव्हता. राग बोटांत उतरला की हात थरथरतात म्हणतात, माझे उलटे स्थिर झाले होते. पूर्ण झाला तेव्हा मी तो मेणात बुडवला, पुसला, आणि फर्गसच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"तारा जोडायला मात्र मला बोलवू नकोस," मी म्हटलं. "तिचा माल मी हातात धरणार नाही."

आता हे नीट समजून घ्या. गिटार तयार झाली की आतल्या तारा मीच सोल्डर करते, कायम. फर्गसला विजेतलं ओ का ठो कळत नाही. घरातला दिवा गेला की तो दिव्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. पण मी रुसले होते आणि तो मनवून थकला होता. म्हणून त्यानं स्वतःच जोडल्या. लाल तार लाल तारेला, काळी काळीला. मी खिडकीपाशी पाठ करून बसले होते, तरी सोल्डरचा धूर नाकात येत होता.

गिटार उभी राहिली. खोटं कशाला बोलू, देखणी झाली होती. मागचं अंग काळपट लाल ब्लॅकवुडचं, वर ती पिवळी फळी, आणि बोटं फिरवायच्या पट्टीला क्वीन्सलंडच्या वाळवंटातलं, लोखंडासारखं जड लाकूड. फर्गसनं तारा चढवल्या, ती अँप्लिफायरला जोडली, खटका वर केला आणि सूर छेडला. सास्कियाचा पिकअप. गोल, भरलेला आवाज. चांगला होता, मेलीचा. मग खटका खाली. माझा. शेडची खिडकी झणझणली. फर्गस माझ्याकडे बघून हसला आणि मला क्षणभर सगळं माफ करावंसं वाटलं.

मग त्यानं खटका मधे आणला.

दोन्ही मिळून जो आवाज आला, तो कसा सांगू? सर्दी झालेला माणूस फोनवर बोलतो तसा. बारीक, नाकातला, पोकळ. फर्गसनं पुन्हा छेडलं. परत तेच. त्याचा चेहरा उतरला.

मला त्याच क्षणी कळलं. माझी मोटर उलटी फिरते, म्हणून माझे वेढे उलटे. दोन्ही पिकअप माझे असले की दोन्ही उलटेच, त्यामुळे काही अडत नाही. पण एक माझा आणि एक दुसऱ्या कुणाचा असला, आणि तारा नुसते रंग बघून जोडल्या, तर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघं एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. उपाय अगदी सोपा, एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल. चहा उकळेपर्यंत होणारं काम.

मी बोलले नाही. का बोलू? मला कुणी विचारलं होतं?

"सरस सुटलाय," फर्गस म्हणाला. तो खुर्चीत बसला होता आणि गिटार मांडीवर घेऊन वरच्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करत होता. "ह्युऑनमध्ये तेल फार. स्पिरिटनं पुसलं की लगेच सरस लावायला हवा, नाहीतर तेल पुन्हा वर येतं. मी पुसलं, आणि नेमकी तेव्हाच सास्किया पिकअप द्यायला आली. बोलत बसलो गं. बोलतच बसलो मी."

मला ते ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! सरस सुटला असता तर एकेकटा पिकअप तरी नीट कसा वाजला असता? पण लाकूडवाल्याला दुखणं लाकडातच दिसायचं. बोल तिच्याशी अजून, मी मनात म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन सूप ढवळत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यानं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तर इस्त्री तापत होती. फळी गरम करून, खाली पातळ पाती सरकवून ती उचकटायची आणि नव्यानं चिकटवायची, असं त्यानं ठरवलं होतं. इतकी पातळ झालेली, डोळ्याडोळ्यांची फळी अखंड निघत नाही. ती चिरणार, हे त्यालाही माहीत होतं. इस्त्रीच्या उबेनं शेडभर तो गोड वास सुटला होता.

जाऊ दे चिरून, असं आधी वाटलं. खरंच वाटलं. एकदाची संपू दे ती फळी. पण दाराशी उभी राहून मी त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले आणि माझा राग खाली बसला. शेवटी नवरा माझा आहे.

"फर्गस, थांब," मी म्हटलं. "ऐक, मला—"

"थांबतोच आहे," तो मान वर न करता म्हणाला. "सास्कियाला फोन केलाय. निघाली ती. दुपारपर्यंत पोचेल. तिचा कान फार चांगला आहे, ती एकदा ऐकू दे, मग ठरवतो."

तिचा कान! आणि माझे कान काय गॉगल अडकवायला दिले होते देवानं? मी दातावर दात दाबून उभी राहिले. जे ओठांपर्यंत आलं होतं ते परत गिळलं.

पण गिळल्यावर भीती वाटायला लागली. सास्किया एकदा ऐकेल आणि जागच्या जागी ओळखेल. माझी मोटर उलटी फिरते हे तिला ठाऊक होतं. ती हसत हसत दोन तारा बदलील, गिटार बरी होईल, आणि फर्गस आयुष्यभर सांगत सुटेल, की सास्कियानं माझी गिटार वाचवली. ते मी होऊ देणार नव्हते. तिच्या आधी मीच बदलीन आणि म्हणेन, आता ऐक. फर्गस तोंड धुवायला घरात गेला तशी मी सोल्डरची कांडी तापत ठेवली, स्क्रू काढायला घेतला आणि बाहेर गाडीचा दरवाजा वाजला.

सास्किया नव्हती. अँब्रोज होता.

"राहवलं नाही," तो आत येत म्हणाला. "फर्गसनं पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं, मी आजच आलो. गिटार कुठे आहे, माझी पोरगी?"

फर्गस टॉवेल खांद्यावर टाकून धावत आला. "अँब्रोज, अजून नाही रे झाली. माझ्या हातून घोटाळा झालाय. सरस सुटलाय. मला महिनाभर दे."

"आण तर इकडे."

"अरे, ऐकण्यासारखी नाहीये ती!"

"फर्गस, माझ्या वयाच्या माणसाला महिनाभर थांब म्हणू नये. आण."

त्यानं ती घेतली, स्टुलावर बसला. खटका वर, थोडं वाजवलं, मान डोलावली. खटका खाली, थोडं वाजवलं, भुवया उंचावल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मग खटका मधे. पहिला सूर निघाला तसा फर्गसनं डोळे मिटून घेतले.

अँब्रोज थांबला. पुन्हा तोच सूर छेडला. मग दुसरा, अगदी सावकाश. मग तो वाजवायला लागला, आणि थांबेना. तो बारीक, नाकातला आवाज त्याच्या बोटांखाली काही वेगळाच झाला. मी इतकी वर्षं पिकअप केले, पण असं काही ऐकलं नव्हतं.

"रडू आवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज आहे हा," तो वाजवता वाजवताच म्हणाला. "मी कुठे कुठे शोधला हा. फर्गस, काय केलंस तू?"

"काही नाही... मी आता उचकटतच होतो—"

"हिला हात लावलास तर तोडीन तुझा हात."

मग तो माझ्याकडे वळला. म्हातारा आहे, पण डोळा पक्का. "याला काही माहीत नाही. तुला आहे. तुझ्या तोंडावर दिसतंय, नेरिडा. हे पिकअपचं काम आहे की नाही? हॉबार्टला पहिल्या कार्यक्रमात मी माईकवरून नाव घेणार आहे, ज्यानं हा आवाज केला त्याचं. सांग, कुणाचं घेऊ?"

याचीच तर मी वाट बघत होते. लग्न झाल्यापासून, त्या खिडकीपाशी बसल्यापासून. तोंड उघडलं की झालं.

पण काय सांगणार? माझं नाव सांगू? खटका खाली केला की मी एकटी वाजत होते, आणि तो आवाज त्यात नव्हता. तिच्या एकटीतही नव्हता. तो आवाज दोघींचा होता, ती ढकलत होती आणि मी ओढत होते, त्यातून निघालेला. खरं सांगायचं तर दोन नावं सांगावी लागणार. माईकवरून दोन नावं जाणार. लोक टाळ्या वाजवणार त्या दोघींना. आणि ती तरुण, हसरी, म्हणून तिचं नाव आधी घेतलं जाणार. 'सास्किया आणि नेरिडा.' माझ्या नावापुढे जन्मभर ते 'आणि' चिकटणार.

"लाकूड," मी म्हटलं.

"काय?"

"लाकडाचा आवाज आहे तो. त्या फळीचा. पिकअपचं काही नाही त्यात."

अँब्रोज माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं गिटार उचलून तिच्या पिवळ्या अंगाचा वास घेतला आणि हळूच म्हणाला, "ह्युऑन. म्हणजे फर्गसचंच नाव घ्यायचं तर."

फर्गसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं सगळ्यांसमोर मला मिठी मारली, टॉवेलसकट. "नेरिडा," तो म्हणत होता, "तू म्हणालीस हे? तू?" त्याच्या खांद्यावरून मला इस्त्री दिसत होती. मी हात लांब करून ती बंद केली.

अँब्रोज गिटार घेऊन गेला. निघताना म्हणाला, सिडनीतल्या त्याच्या मित्राला अगदी अशीच हवी, आणि फर्गस म्हणाला, फळीचा अर्धा भाग अजून शिल्लक आहे. गाडी वळणाआड गेली तसा त्यानं खिशातून फोन काढला.

"सास्किया, कुठवर आलीस? ओटलंड्स? मग परत फिर, बाई, सगळं ठीक आहे! ... नाही, नाही, बिघाड नव्हताच तो. लाकडाचाच आवाज आहे. ... मी नाही, नेरिडा म्हणाली. हो, नेरिडा! ऐक ना, आता दुसरी करतोय, त्याच फळीची. दोन्ही पिकअप तूच कर. ... छे, ती कशाला रागवेल? तिला आता पटलंय. आणि तिचे डोळेही दुखतात हल्ली भिंगाखाली, तेवढाच आराम." मग त्यानं फोन माझ्यापुढे केला. "घे. तिला बोलायचंय तुझ्याशी."

मी फोन कानाला लावला. मागे रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज येत होता. ती गाडी कडेला घेऊन बोलत असावी.

"नेरिडा? खरंच तू म्हणालीस, पिकअपचं काही नाही म्हणून?"

"हो."

"पण मी..." ती थांबली. "मी तुझा तो पिकअप उलगडला ना, तेव्हा बघत होते, कुठे हात आवळलायस, कुठे सैल सोडलायस. मला वाटायचं, लाकूड लाकूड करणाऱ्या या सगळ्यांत एका बाईला तरी माहीत आहे आपण काय करतो ते."

फर्गस शेजारी उभा राहून हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होता.

"नीट जा," मी म्हटलं, आणि फोन त्याला परत दिला.